वन्सं आणि सातपैकी सात

माणसाचा माणसावर किती जीव आहे हे एक ते सात या आकड्यांत सांगता येतं, असं छातीठोकपणे म्हणणारी बाई अख्ख्या कोल्हापुरात एकच आहे, आणि माझ्या नशिबानं ती माझी नणंद आहे. दुसऱ्यांच्या नणंदा आमटीतल्या मिठावरून बोलतात, माहेरच्या साडीवरून बोलतात, पोराच्या नाकावरून बोलतात. आमच्या वन्संनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात गाठून विचारलं होतं, "मंगल, बाळूला संध्याकाळी यायला उशीर झाला की तुझ्या पोटात गोळा येतो, का तुला जरा बरं वाटतं?" मी नवी नवरी. खरं सांगायचं तर गोळाही येत होता आणि बरंही वाटत होतं, पण असलं काय नणंदेला सांगतात होय? मी आपली मान खाली घालून म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं." त्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, मी म्हणेन तसं नाही. तुला वाटतं तसं!" तेव्हापासून माझा जो गोंधळ सुरू झालाय तो आजतागायत मिटलेला नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. कॉलेजात जन्मभर मानसशास्त्र शिकवलं, आता निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची छाती सासूबाईंनाही झाली नाही, मग माझी कुठून होणार? सासू-सासरे गेले, आमचा पोरगा नोकरीला पुण्याला गेला, घरात राहिलो आम्ही तिघं. स्वयंपाकघराला लागून वन्संची खोली. त्यांचा चहाचा कप वेगळा, तो दुसऱ्यानं घ्यायचा नाही आणि धुवायचाही नाही. आजारी पडल्या तर दाराला आतून कडी. "मला काही नको, मी माझं बघते," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की एकदा त्या झोपेत बरळल्या तेही हेच. आणि हीच बाई संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेली की समोरून येणाऱ्या जोडप्याकडं बघून मला कोपरानं ढोसणार, "बघ बघ, ती चिंतातुर आहे. तो टाळणारा. जमायचं नाही." एकदा असं एक जोडपं जवळ आलं तर ते चुलत भाऊबहीण निघाले, आमच्या ओळखीतलेच. वन्सं जराही खजील झाल्या नाहीत. म्हणाल्या, "तरी पण तो टाळणाराच आहे."

तर हे चिंतातुर आणि टाळणारा काय प्रकरण आहे ते सांगते, म्हणजे मला जेवढं कळलंय तेवढं. लहान मूल जसं आईला बिलगतं, कुणी रडून बिलगतं, कुणी फुरंगटून लांब बसतं, तशीच मोठी माणसंही आपापल्या माणसाला बिलगत असतात आणि त्या बिलगण्याच्या तऱ्हा असतात. ज्याला आपलं माणूस सोडून जाईल याची धास्तीही नाही आणि त्याच्या जवळ जायला संकोचही नाही, तो सुरक्षित. धास्ती भरपूर पण संकोच नाही, तो चिंतातुर. धास्ती नाही पण कुणी जवळ आलं की अंग चोरतो, तो टाळणारा. आणि ज्याला दोन्ही आहे, जवळ जायचंयही आणि जवळ गेल्यावर पळायचंयही, तो भ्यालेला. मला विचाराल तर हे चौघंही मला आमच्या घरातच दिसतात, आणि सणासुदीला एकाच माणसात दिसतात. पण वन्सं म्हणतात तसं नसतं. माणूस एकाच तऱ्हेचा असतो, ती तऱ्हा प्रश्नावलीनं कळते आणि प्रश्नावली ज्याची त्यानं, स्वतःला विचारून, एकट्यानं भरायची असते.

ही प्रश्नावली मूळची कुठल्यातरी लांबच्या देशातली. वन्संनी ती कोल्हापूरच्या माणसाला कळेल अशा मराठीत आणायला घेतली, त्यावर त्यांना पीएचडी करायची होती. विधानं बरोबर छत्तीस. नणंद-भावजयीत छत्तीसचा आकडा असतोच म्हणतात, आमच्यात तो असा छापील होता. प्रत्येक विधानापुढं एक ते सात. एक म्हणजे अजिबात पटत नाही, सात म्हणजे पुरतं पटतं. पहिला खर्डा त्यांनी मला भाकऱ्या थापताना वाचून दाखवला: "निकटवर्ती व्यक्तीच्या अनुपस्थितीत मी अस्वस्थता अनुभवते." मी म्हटलं, "वन्सं, असं कोण बोलतं हो?" "मग कसं बोलतात?" "'माझं माणूस वेळेत घरी आलं नाही की मला घास उतरत नाही,' असं म्हणा की." त्यांनी ते तिथंच, पिठाच्या डब्यावर कागद ठेवून लिहून घेतलं. तेव्हा त्या शास्त्रात थोडा हात माझाही आहे. घरात हे कुणालाच पटत नाही.

पहिली परीक्षा अर्थातच घरच्यांची. वन्संनी आम्हा नवरा-बायकोला एकेक कागद दिला आणि मला स्वयंपाकघरात, ह्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. पाच मिनिटं झाली नसतील, कागद घेऊन हे दारात हजर. "मंगल, पाचव्याला आपलं काय लिहायचं गं?" मागून वन्सं आल्या तावातावानं. "बाळ्या, ती स्वतःबद्दलची प्रश्नावली आहे रे!" हे शांतपणे म्हणाले, "व्हय, म्हणून तर हिला विचारतोय. माझं हिलाच माहीत असतंय." वन्संनी कागद ओढून घेतला आणि फाडला. मला मात्र हसू येत होतं आणि कुठंतरी छातीत गरमही वाटत होतं, पण त्यासाठी प्रश्नावलीत जागा नव्हती. माझी स्वतःची गत तर काय सांगू. भांडणानंतर भरली तेव्हा मी चिंतातुर आले. पुढच्या आठवड्यात ह्यांचे मित्र न सांगता जेवायला आले त्या दिवशी भरली, तर टाळणारी. रविवारी मटण चांगलं झालं, सगळे पांढऱ्या रश्श्याची वाटी पुन्हा पुन्हा मागत होते, त्या दुपारी सुरक्षित. वन्सं वैतागल्या. "माणूस असा दर आठवड्याला बदलत नसतो, मंगल." मी म्हटलं, "नवरा बदलतो की हो दर आठवड्याला, मग मी एकटीनं काय करू?"

घरात शास्त्राचं जमेना म्हणून वन्सं बाहेर पडल्या. उचगावात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी होती, तिच्या गल्लीतल्या बायकांना प्रश्नावल्या द्यायचं ठरलं आणि मला सोबत नेलं. तिथं एकट्यानं बसून भरायचं म्हटल्यावर आधी हशा झाला. एकटी कशी बसायची? सतरंजी आली, चहा आला, चिवडा आला, शेजारच्या घरातली म्हातारी आली आणि मग सुरू झालं. एकीनं विधान वाचायचं आणि बाकीच्यांनी तिचा आकडा सांगायचा. "हिला इचारू नगा, ही खोटं बोलती. म्या सांगते हिचं!" वन्सं घसा कोरडा करून सांगतायत की बायांनो, ज्याचं त्यानं, आणि त्यांचं कोण ऐकतंय! पण खरी गंमत घरी आल्यावर कळली. वन्सं बेरजा मांडून बसल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. सगळ्या कागदांवर सगळ्या विधानांना सातच सात. 'माझं माणूस मला सोडून जाईल असं वाटतं', सात. 'मला माझ्या माणसाची काही गरज लागत नाही', सात. त्यांनी विद्यार्थिनीला फोन लावला, तो तिच्या हातातून म्हातारीनंच ओढून घेतला. "आवो ताई, तुमी एवढ्या उन्हातनं आलासा, आमच्या दारात बसलासा, तुमास्नी कमी कशाला द्यायचं? आमी काय कंजूष हाय व्हय? दिलं की सात!"

म्हणजे पाहुणचार झाला होता. पाहुण्याला ताटात कमी वाढायचं नाही तसं कागदावरही कमी वाढायचं नाही. आणि शास्त्राप्रमाणं धास्तीलाही सात आणि संकोचालाही सात म्हणजे माणूस भ्यालेला. अख्खी गल्ली भ्यालेली निघाली. ज्या बाईनं आमच्यादेखत अंगावर आलेल्या मोकाट बैलाच्या नाकावर चप्पल हाणली होती तीही भ्यालेली. वन्संच्या मार्गदर्शक बाईंनी कळवलं की ही माहिती कुचकामी आहे, लोक 'हो ला हो' करतायत, मधेमधे उलटी विधानं घाला. म्हणजे एकदा विचारायचं 'माझा माझ्या माणसावर विश्वास आहे' आणि जरा पुढं जाऊन 'माझा माझ्या माणसावर विश्वास नाही', म्हणजे ढोंग पकडलं जातं. वन्संनी घातली, आणि ती घेऊन एका तालमीत गेल्या. तिथं नुकतंच लग्न झालेला एक पैलवान, खांदे दारात मावत नाहीत असा, नीट बोट ठेवून भरत होता. उलट्या विधानापाशी आला आणि त्याचा चेहरा लाल झाला. "मॅडम, मगाशी लिवलं की विश्वास हाय म्हणून. परत उलटं का इचारतासा? माझ्या बायकूबद्दल कुणी काय सांगितलंय का तुमास्नी?" वस्ताद मधे पडले म्हणून निभावलं. तो पोरगा पुढं आठवडाभर बायकोच्या फोनवर लक्ष ठेवून होता म्हणे. वन्संनी उलटी विधानं काढून टाकली, आणि त्या दोघांना घरी जेवायला बोलावून सगळं नीट समजावून सांगितलं.

आता या सगळ्यात वन्संनी स्वतः ती प्रश्नावली कधी भरली का? नाही. मी दोन-तीनदा विचारलं. "संशोधकानं स्वतःची भरायची नसते," एवढंच उत्तर. पण मला त्यांची एक गोष्ट ठाऊक होती, जी त्यांनाही ठाऊक नव्हती. गॅलरीत त्यांची एक कुंडी आहे, कोरफडीची. घरातलं कुणी बाहेर असलं आणि यायला उशीर झाला की वन्सं तांब्या घेऊन गॅलरीत जातात, कुंडीत पाणी घालतात आणि घालता घालता रस्त्याच्या टोकाकडं बघतात. माणूस येईपर्यंत तांब्यामागून तांब्या. माणूस दिसला की झटकन आत येऊन पुस्तक उघडतात. विचारलं तर म्हणणार, "माती सुकली होती." कोरफडीला पाणी लागतं कितीसं? माझ्या बघण्यात किती कोरफडी सडल्या त्याला गणती नाही. आमचा पोरगा पुण्याला गेला त्या वर्षी तर एकही तगली नाही. आणि प्रत्येक वेळी वन्सं नव्या कोरफडीला दोष देतात, "ही जातच नाजूक आहे."

अशात मलकापूरचे डॉक्टर आले. डॉक्टर म्हणजे जनावरांचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, लेक सासरी. वन्संची प्रश्नावली कुणाकडून तरी त्यांच्यापर्यंत पोचली, आणि इतरांनी टपालानं परत पाठवल्या तशी न पाठवता ते ती कोरी घेऊन स्वतः एसटीनं आले. पिशवीत जांभळं. दारातच म्हणाले, "मॅडम, हे मला असं एका दमात न्हाई जमायचं. जन्मभर जनावरं तपासली मी. म्हैस काय कागद भरून देत न्हाई की माझं पोट दुखतंय म्हणून. तिच्या कुशीवर हात ठेवून उभं राहायला लागतंय, मग सावकाश कळतंय. तवा म्हटलं एकेक विधान घेऊन बसू या. मी विचार करून सांगतो." मला वाटलं आता वन्सं ह्यांना दारातूनच घालवणार. पण इतकी वर्षं लोक एका चहात छत्तीस विधानं उडवत होते. त्यातल्या एकाचा तरी विचार करायला तयार असलेला हा पहिलाच माणूस. वन्सं म्हणाल्या, "बसा की."

मग दर आठवड्याला डॉक्टर येऊ लागले. एका भेटीत एकच विधान. मी आत कांदे चिरत, बाहेर कान देऊन. डॉक्टर विधान वाचायचे, चष्मा काढायचे आणि मग कुठल्यातरी गाईची, कुठल्यातरी शेतकऱ्याची, स्वतःच्या थोरल्या भावाची गोष्ट सुरू व्हायची. शेवटी म्हणायचे, "पाच... न्हाई, थांबा. पुढच्या खेपेला सांगतो." आणि आकडा काही यायचाच नाही. वन्सं ज्या पूर्वी समोरच्यावर आपला प्रभाव पडू नये म्हणून भिंतीसारखा चेहरा करून बसायच्या, त्या हळूहळू मधे बोलायला लागल्या, वाद घालायला लागल्या, आणि एकदा चक्क मोठ्यानं हसल्या. हे आत येऊन मला विचारायला लागले, "काय गं, अक्काला बरं न्हाई का?" मी म्हटलं, "बरं आहे म्हणूनच हसतायत. तुम्ही जावा तिकडं."

एका भेटीत माझं विधान आलं, घास न उतरण्याचं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मॅडम, आमची मंडळी गेल्यापासनं आमच्यात कुणाला उशीरच होत न्हाई. घरी यायचंच न्हाई कुणी, तर उशीर कसला व्हायचा? याला किती द्यायचे?" वन्संनी पेनाचं टोपण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आकडा एकपासून सुरू होत होता आणि डॉक्टरांचं दुखणं त्याच्याही अलीकडचं होतं. त्या उठून आत आल्या, मला बाजूला सारून स्वतः चहा केला आणि डॉक्टरांना आपल्या कपात नेऊन दिला. त्या कपात!

विधानं संपत आली तशी मला एक विचित्र हुरहूर लागली. संपल्यावर काय? मलकापूरचा माणूस कोल्हापूरला कशाला येईल? शेवटचं विधान होतं, 'गरज पडली तर मी दुसऱ्याकडं आधार मागू शकतो.' डॉक्टरांनी वाचलं, चष्मा काढला आणि या वेळी गोष्ट सांगितली नाही. "मॅडम, याला सात. आज पहिल्यांदा आकडा सांगतोय. आणि नुसता सांगत न्हाई, मागतोय बी. मलकापूरला घर मोठं हाय, मी एकटा हाय. तुमी याल का? रीतसर लग्न करून म्हणतोय मी." माझ्या हातातली पळी कढईत पडली. बाहेर वन्सं पेनाचं टोपण शोधायला लागल्या. डॉक्टरच उठले. "घाई न्हाई. तुमचा आकडा पुढच्या खेपेला सांगा. मला तुमी इतकं इचारलंय, मी एकच इचारलंय."

तो आठवडा आमच्या घरात कसा गेला हे परमेश्वराला माहीत. वन्सं कॉफीत मीठ घालत होत्या. उशीर कुणालाच झालेला नसताना कोरफडीला पाणी चाललं होतं. ह्यांना सांगितलं तर आधी म्हणाले, "या वयात? लोक काय म्हणतील?" मी नुसतं बघितलं त्यांच्याकडं. जरा वेळानं म्हणाले, "माणूस चांगला वाटतोय," आणि बाहेर जाऊन उगाचच गाडी धुवायला लागले. ते रडले की गाडी धुतात. आणि मी? मी तर अशी गोंधळले की काय सांगू. इतकी वर्षं ह्या बाईनं माझं डोकं खाल्लं, मला भाजी नीट चिरू दिली नाही, नवऱ्याशी धड भांडू दिलं नाही. ही आपल्या घरी जाईल तर किती बरं होईल, असं मी सणावाराला देवीपुढं उभी राहून म्हटलेलं आहे. आणि आता खरंच जायची वेळ आली तर पोटात गोळा. बरं मात्र अजिबात वाटत नव्हतं.

डॉक्टर येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी मेथी निवडत बसले होते. वन्सं आल्या, समोर पाटावर बसल्या आणि पुढ्यात एक कोरी प्रश्नावली ठेवली. म्हणाल्या, "मंगल, मी बसले होते भरायला. मला येईना. प्रत्येकाला वाटतं एकही द्यावा, सातही द्यावा. तू भर." मी म्हटलं, "वन्सं, ती स्वतःबद्दलची आहे ना? ज्याची त्यानं भरायची असते ना?" त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. मेथीची एक काडी हातात घेऊन म्हणाल्या, "माझं तुलाच माहीत असतंय."

ह्यांचंच वाक्य. मला त्यांना चिडवावंसं वाटलं, पण ते नंतरसाठी ठेवलं. हात पुसून पेन घेतलं. 'मनातलं सगळं सांगायला मला नको वाटतं.' सात. 'मला कुणावर अवलंबून राहायला आवडत नाही.' त्यांचा कप डोळ्यापुढं आला, दाराची कडी आली. सात. वन्सं म्हणाल्या, "उचगावच्या बायकांसारखं करू नकोस. खरं भर." मी म्हटलं, "खरंच भरतेय. गप बसा तुम्ही." 'माझं माणूस वेळेत घरी आलं नाही की मला घास उतरत नाही.' इथं मी जरा थांबले. खोटं कशाला बोलू, मनात आलं की इथं एक लिहिला, अशा पाच-सहा ठिकाणी एक लिहिला, तर ह्या टाळणाऱ्या निघतील, आणि टाळणारी बाई कुठं लग्न करते? राहतील इथंच, माझ्या स्वयंपाकघराशेजारी. मग गॅलरीतून आत वास आला, सडलेल्या कोरफडीचा. मी सात लिहिला, आणि पेन इतकं दाबून लिहिला की कागदाला भोक पडलं.

बेरीज वन्संनीच केली. धास्ती भरभरून, संकोच भरभरून. बराच वेळ कागदाकडं बघत राहिल्या आणि मग एवढंसं, जीव गेल्यासारखं हसल्या. "भ्यालेली आले गं. म्हणजे जाऊ नये. शास्त्र तसंच सांगतं."

आता मात्र मला राग आला. मी मेथीची जुडी बाजूला आपटली. "शास्त्र गेलं चुलीत! भ्यालं म्हणून कुणी जायचं राहतंय होय? मी ह्या घरात आले तेव्हा काय होते? सुरक्षित होते? उंबऱ्यावर माप ओलांडताना मागं वळून पळून जावं असं वाटत होतं. तेव्हा आतून येऊन माझा हात कुणी धरला? तुम्ही धरलासा. तेव्हा विचारलंसा का, मंगल, सातपैकी किती भ्यालीस म्हणून?" वन्संनी मेथीच्या मातीचा माझा हात तसाच आपल्या हातात घेतला. मेथी तशीच राहिली आणि संध्याकाळी आम्ही पिठलं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी वन्सं डॉक्टरांसमोर कागद ठेवून म्हणाल्या, "मी भ्यालेली निघाले." डॉक्टरांनी चष्माही काढला नाही. "असू दे की. भ्यालेलं जनावर बी हाताला येतंय मॅडम, आपण घाई केली न्हाई तर." वन्सं ताडकन म्हणाल्या, "तुम्ही मला जनावर म्हणताय?" "म्हैस तर न्हाई ना म्हटलं," डॉक्टर म्हणाले, आणि वन्सं इतक्या हसल्या की गॅलरीतलं कबूतर उडालं. लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. उचगावची म्हातारी आवर्जून आली होती, डॉक्टरांना वरपासून खालपर्यंत बघून माझ्या कानात म्हणाली, "पावणं चांगलं हायती. सात दिलं."

पीएचडी अजून झालेली नाही. वन्सं म्हणतात मलकापुरात नव्यानं सुरुवात करणार, पण तिथंही लोक पाहुणचारच करतात असं दिसतंय. मी कुठल्या तऱ्हेची आहे हे मला आजही कळलेलं नाही, आणि आता सांगणारंही घरात कुणी नाही. स्वयंपाकघराशेजारची खोली बंद असते. भाजी मी मला पाहिजे तशी चिरते, पण 'एवढी जाड का चिरलीस' असं कुणी म्हणत नाही तेव्हा ती बरोबर चिरली का चूक तेच समजत नाही. रविवारी दोघं एसटीनं येतात. परवाच्या रविवारी गाडीला उशीर झाला. फोन लागेना, वाटेत रेंज नसते. ह्यांनी दोनदा ताटं घ्यायला सांगितलं. तिसऱ्यांदा मला हाका मारत गॅलरीत आले आणि दारातच थांबले.

"अगं मंगल, किती पाणी घालशील? कोरफड हाय ती."

"माती सुकली होती," मी रस्त्याकडं बघत म्हटलं, आणि पुन्हा तांब्या भरायला आत गेले.